ट्रॅक्टर घेताना लिफ्टिंग कपॅसिटी विचारता ना? मग हॅरी फर्ग्युसन हा माणूस माहीत असायलाच हवा

बीड, माजलगाव, गेवराई, परळी. कुठल्याही गावातल्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये तासभर उभे राहा. ट्रॅक्टर बघायला आलेला शेतकरी आधी एचपी विचारतो, मग डिझेल किती पितो ते विचारतो आणि तिसरा प्रश्न हमखास असतो लिफ्टिंगचा. सेल्समन सांगतो १,१०० किलो, दुसरा सांगतो १,५०० किलो, तिसरा १,८०० वर जातो. आकडा जितका मोठा तितका ट्रॅक्टर दमदार, असा हिशोब करून माणूस घरी जातो.

बीडमध्ये उचल या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो सगळ्यांना माहीत आहे. मुकादमाकडून आगाऊ घ्यायचे पैसे. ती उचल फेडायला नवराबायकोचा कोयता दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो, ऊस तोडतो, मोळी बांधतो आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवतो. त्या ट्रॉलीला पुढे जो ट्रॅक्टर जोडलेला असतो त्याचे व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर बघितलेच असतील. मागे दोन ट्रॉल्या भरून ऊस, शेतातून रस्त्यावर चढताना पुढची चाकं हवेत आणि चाकं खाली बसावीत म्हणून बोनेटवर बसलेली दोन पोरं. खाली कॉमेंटमध्ये लोक ड्रायव्हरला मानाचा मुजरा करतात.

शंभर वर्षांपूर्वी हेच दृश्य बघून एका माणसाची झोप उडाली होती. कारण त्याच्या काळात चाकं अशी उचलली की ट्रॅक्टर पूर्ण उलटा होऊन ड्रायव्हरच्या अंगावर यायचा. तो माणूस म्हणजे हॅरी फर्ग्युसन. मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन.

आज तुमच्या ट्रॅक्टरच्या मागे दोन खालचे आर्म, एक टॉप लिंक आणि त्यांना उचलणारं हायड्रोलिक असं जे काही आहे, ते त्याचं डोकं. ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडच्या उत्तर भागात, काउंटी डाउनमधलं ग्रोवेल नावाचं गाव. घरी अकरा भावंडं, त्यात हा चौथा. वडील जेम्स शेतकरी, देवभोळे आणि भयंकर कडक. पोरगं अंगानं किरकोळ. शेतात राबायचं, घोड्यांच्या मागे चिखलात चालायचं, हे त्याला मनापासून नको होतं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे वैतागून कॅनडाला निघून जायचं त्यानं जवळपास पक्कं केलं होतं. तेवढ्यात १९०२ मध्ये मोठा भाऊ जो यानं बेलफास्ट शहरात सायकली आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि हॅरी तिकडं गेला.

इंजिन ऐकून बिघाड ओळखणारा म्हणून त्याचं नाव झालं. दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून तो मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचा. आणि मग त्याच्या डोक्यात विमान शिरलं.

राइट बंधूंच्या उड्डाणाला जेमतेम सहा वर्षं झाली होती. फ्रान्समधला विमानांचा मेळा बघून आलेल्या हॅरीनं दुकानातच विमान बांधायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ ला, वर्ष संपायच्या दिवशी, हिल्सबरोच्या माळावर वादळी वाऱ्यात ते सुमारे १३० यार्ड उडालं. म्हणजे सव्वाशे मीटरच्याही आत. पण आयर्लंडमध्ये विमान उडवणारा पहिला माणूस म्हणून त्याची नोंद झाली. पुढच्या वर्षी न्यूकॅसलच्या समुद्रकिनाऱ्यावर तीन मैल उडून त्यानं शंभर पौंडांचं बक्षीसही घेतलं.

विमानाचा हा किस्सा सांगायचं कारण आहे. विमानात वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला जास्त किंमत असते. चार किलो पुढे सरकले की नाक खाली जातं, मागे सरकले की शेपूट. हीच गोष्ट फर्ग्युसननं पुढे नांगराला लावली.

भावाशी पटेना म्हणून १९११ मध्ये त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन पाणबुड्या अन्नधान्याची जहाजं बुडवत होत्या आणि ब्रिटिश सरकारला जास्तीत जास्त जमीन नांगराखाली आणायची होती. हॅरी तेव्हा अमेरिकेहून येणारे ट्रॅक्टर विकत होता. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्यानं त्याच्यावर काम सोपवलं की गावोगाव फिरून शेतकऱ्यांना ट्रॅक्टर नीट वापरायला शिकवायचं. सोबत होता विली सँड्स, त्याच्या दुकानातला मेकॅनिक. फर्ग्युसनची बहुतेक स्वप्नं लोखंडात उतरवली ती या सँड्सनं. त्याचं नाव कुठल्याच ट्रॅक्टरवर आलं नाही.

दोघं गावं फिरले आणि त्यांना एकच गोष्ट दिसत राहिली. ट्रॅक्टर वेगळा आणि नांगर वेगळा. नांगराला स्वतःची चाकं, तो ट्रॅक्टरच्या मागे साखळीनं बैलगाडीसारखा ओढायचा. जमीन कडक लागली की ट्रॅक्टरची चाकं फिरत राहायची. यावर कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ट्रॅक्टर आणखी जड करायचा. जड ट्रॅक्टर जमीन दाबून टाकायचा, महाग पडायचा आणि लहान शेतात वळायचाच नाही.

त्याहून वाईट म्हणजे माणसं मरत होती. हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर तेव्हा स्वस्तात मिळायचा, त्यामुळे तो सगळीकडे होता. नांगर शेतातल्या दगडाला किंवा झाडाच्या मुळाला अडकला की नांगर जागचा हलत नसे. मागची चाकं जमिनीत घट्ट रुतलेली. इंजिन मात्र जोर लावतंच आहे. मग तो जोर जाणार कुठे? चाक फिरत नसेल तर ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरायला लागतो. पुढचं तोंड वर येतं आणि ड्रायव्हरला क्लच दाबायचं सुचायच्या आत ट्रॅक्टर त्याच्या छातीवर. उसाच्या ट्रॉलीसमोर चाकं उचलणारा आजचा ट्रॅक्टर नेमका याच वाटेवर असतो, फक्त दगडाच्या जागी ओव्हरलोड ट्रॉली असते.

फर्ग्युसनचं म्हणणं पडलं की नांगर ओढायचा नाहीच. तो ट्रॅक्टरला जोडून टाकायचा, दोघांचं एकच मशीन करायचं.

हे बोलायला सोपं आहे. करायला त्याला सोळा सतरा वर्षं लागली. आधी फोर्डच्या मोटारीला जोडायचा नांगर केला. मग फोर्डसनसाठी दोन दांड्यांची जोडणी केली. ती विकायला १९२५ मध्ये अमेरिकेत शर्मन बंधूंबरोबर कारखाना काढला. फोर्डनं १९२८ मध्ये अमेरिकेत फोर्डसन बनवणंच बंद केलं आणि तो धंदा बसला. पण तोवर मुख्य कल्पना त्याच्या हातात आली होती आणि तिचं पेटंटही त्यानं केलं होतं.

ती कल्पना आता जरा नीट समजून घ्या, कारण लिफ्टिंग कपॅसिटीचं सगळं गणित इथंच आहे.

नांगर तीन ठिकाणी जोडायचा. खाली दोन आर्म, वर मध्ये एक टॉप लिंक. नांगर जमिनीत शिरला की माती त्याला मागे ओढते. खालचे आर्म त्याला पुढे खेचतात. या ओढाताणीत नांगराचं वरचं टोक पुढे झुकायला बघतं आणि टॉप लिंकवर दाब देतं. हा दाब ट्रॅक्टरला वरच्या बाजूनं पुढे ढकलतो, म्हणजे ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबतो. जमीन जेवढी कडक, तेवढा दाब जास्त. ज्या ओढीनं तोंड वर उचललं जायचं, तीच ओढ आता तोंड खाली दाबायला लागली. शिवाय नांगराचं आणि त्यावर बसणाऱ्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते.

दुसरा भाग हायड्रोलिकचा. टॉप लिंकच्या पुढे एक जाड स्प्रिंग बसवली. दाब वाढला की स्प्रिंग दबते, ती व्हॉल्व्ह उघडते आणि हायड्रोलिक नांगर थोडा वर उचलतं. दाब कमी झाला की नांगर परत खाली. ड्रायव्हरनं हातही लावायचा नाही. आज ज्याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात ते हेच. नांगर दगडाला धडकलाच तर लिफ्टमधला दाब सुटतो, मागच्या चाकांवरचं जादा वजन उतरतं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. ट्रॅक्टर उलटत नाही.

म्हणजे बघा, फर्ग्युसनची लिफ्ट नुसती अवजार बांधावरून उचलून नेण्यासाठी नव्हतीच. चालत्या कामात वजन क्षणाक्षणाला इकडून तिकडे हलवणं हे तिचं खरं काम होतं. शोरूममध्ये सांगतात तो किलोचा आकडा या कामाबद्दल काहीच सांगत नाही.

त्या आकड्याचंही एक आहे. तो बहुतेक वेळा खालच्या आर्मच्या टोकाला मोजलेला असतो. पण रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर टोकावर लटकत नाही, त्याचं वजन मागे पसरलेलं असतं. म्हणून चाचणीत आर्मच्या टोकापासून ६१० मिलिमीटर मागेही मोजमाप घेतात आणि तिथं आकडा कमी येतो. कॅटलॉग हातात आला की तो आकडा कुठे मोजलाय हे विचारायला विसरू नका.

१९३३ मध्ये फर्ग्युसननं स्वतःचा ट्रॅक्टर तयार केला. पूर्ण काळा रंगवलेला, म्हणून त्याला ब्लॅक ट्रॅक्टर म्हणतात. बनवायला पैसे नव्हते, कारखाना नव्हता. इंग्लंडमधल्या गिअर बनवणाऱ्या डेव्हिड ब्राऊनबरोबर १९३६ पासून उत्पादन सुरू झालं. जेमतेम १,३५० ट्रॅक्टर निघाले आणि दोघांचं बिनसलं. ब्राऊनला मोठा ट्रॅक्टर हवा होता, फर्ग्युसन एक इंच हलायला तयार नव्हता.

हा त्याचा स्वभावच. टापटीप इतकी की ट्रॅक्टरचे बहुतेक सगळे नट एकाच पान्यानं खोलता आले पाहिजेत आणि त्याच पान्यावर इंचांच्या खुणा पाहिजेत, म्हणजे नांगर बसवताना माप घ्यायला दुसरं काही लागू नये. माणूस म्हणून मात्र तो कठीण होता. भावाशी भांडला, भागीदारांशी भांडला. ज्यांच्याशी भांडला नाही असे लोक शोधावे लागतील.

१९३८ च्या शरद ऋतूत तो एक ट्रॅक्टर जहाजात घालून अमेरिकेला गेला, थेट हेन्री फोर्डच्या दारात. फोर्ड तेव्हा पंचाहत्तरीचा. त्याच्या घराजवळच्या शेतात फोर्डसन आणि आणखी एका कंपनीचा ट्रॅक्टर विरुद्ध फर्ग्युसनचा छोटा ट्रॅक्टर असा सामना झाला. छोट्यानं दोघांना मागे टाकलं. मग शेतातच टेबल मांडलं गेलं, फर्ग्युसननं चावीवर चालणारं खेळण्यातलं मॉडेल काढून तत्त्व समजावलं आणि दोघांनी हात मिळवले. डिझाइन आणि विक्री फर्ग्युसनची, उत्पादन फोर्डचं, कुणालाही कधीही बाजूला होता येईल. कागद नाही, वकील नाही, साक्षीदाराची सही नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या उद्योगपतीबरोबरचा व्यवहार गावच्या बैलबाजारात रुमालाखाली हात घालून ठरवावा तसा ठरला.

जून १९३९ मध्ये फोर्ड फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला. लोकांसमोर तो चालवायला आठ वर्षांच्या पोराला बसवलं होतं, एवढा तो सोपा आणि सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी. पुढच्या आठ वर्षांत तीन लाखांवर ट्रॅक्टर विकले गेले.

मग म्हातारा फोर्ड बाजूला झाला आणि १९४५ मध्ये नातू हेन्री फोर्ड दुसरा गादीवर आला. त्यानं हिशोब मांडला तर ट्रॅक्टरच्या धंद्यात कंपनी तोट्यात होती. हस्तांदोलन आजोबांचं होतं, नातवाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यानं फर्ग्युसनला बाजूला केलं आणि १९४७ मध्ये तसाच ट्रॅक्टर, तीच लिफ्ट, पण फर्ग्युसनच्या नावाशिवाय विकायला सुरुवात केली.

जानेवारी १९४८ मध्ये फर्ग्युसननं फोर्डवर २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. चार वर्षं खटला चालला. वेळ, पैसा, झोप सगळं त्यात गेलं. १९५२ मध्ये तडजोड झाली ती ९२ लाख ५० हजार डॉलरवर. मागितल्याच्या चार टक्केही नाही. पण पेटंट त्याचं होतं हे फोर्डला मान्य करावं लागलं आणि हायड्रोलिकची रचना बदलावी लागली.

खटला चालू असतानाच इकडं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री शहरात त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर १९४६ पासून निघायला लागला होता. टीई २०. करड्या रंगाचा, वीस एचपीच्या आसपासचा, दिसायला अगदी लहानखुरा. दहा वर्षांत पाच लाखांवर विकला गेला. इंग्लंडच्या शेतातला घोडा जो गेला, तो मुख्यतः याच्यामुळे. घोडा काम नसतानाही वर्षभर खातो, त्याच्या वैरणीची जमीन माणसांच्या अन्नाला मिळायला हवी, हा फर्ग्युसनचा हिशोब. दुष्काळात जनावरं छावणीला नेलेल्या बीडच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

या ट्रॅक्टरबरोबर फर्ग्युसन पन्नासेक अवजारं विकायचा आणि त्यात पुढून शेणखत उचलणारा लोडरही होता. ट्रॅक्टरच्या आतलं तेच हायड्रोलिक वापरून पुढचं फावडं वर उचलायचं.

आणि इथं गंमत उलटी होते. मागे जोडलेलं अवजार मागच्या चाकांवर वजन टाकतं. पुढचा लोडर तेच वजन मागच्या चाकांवरून काढून घेतो.

आज महाराष्ट्रात शेणखत, मुरूम, वाळू भरायला ट्रॅक्टरवर लोडर बसवलेले दिसतात. ऊस भरायलाही पंजावाले लोडर आलेत. जो बोजा बायामाणसं डोक्यावरून फळीवर चढवतात तो मशीननं उचलला तर वाईट काहीच नाही. पण लोडर घेतानाही तोच एक प्रश्न विचारला जातो, की किती किलो उचलतो. त्यासाठी एक साधा हिशोब करून बघा.

समजा ट्रॅक्टर २,००० किलोचा आहे. मागच्या चाकांवर १,२०० किलो, पुढच्या चाकांवर ८०० किलो. दोन्ही चाकांमधलं अंतर १.९ मीटर. लोडरचं स्वतःचं वजन सध्या सोडून द्या. बकेटमध्ये ८०० किलो माल घेतला आणि तो पुढच्या चाकांच्या १.६ मीटर पुढे आहे. आता पुढची चाकं म्हणजे टेकू झाला, लहान मुलांच्या सी-सॉसारखा. ८०० गुणिले १.६ भागिले १.९, म्हणजे जवळपास ६७५ किलो वजन मागच्या चाकांवरून निघून पुढे आलं. मागे उरले ५२५ किलो. पुढे झाले २,२७५ किलो, म्हणजे नेहमीच्या पावणेतीन पट.

हायड्रोलिकनं माल उचलला, त्याची काही तक्रार नाही. पण टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची ताकद मागच्या चाकांत आणि ब्रेकही मागच्याच चाकांना. तीच चाकं आता निम्म्याहून हलकी. उतारावर ब्रेक दाबला तर चाक धरतं, पण जमीन धरत नाही. पुढचा एक्सल, त्याची पिन, बेअरिंग, टायर हे सगळं पावणेतीन पट बोजा घेऊन स्टेअरिंगही वळवतंय.

आता मागच्या थ्री पॉइंटला ४०० किलोचं वजन लावा, मागच्या चाकांच्या एक मीटर मागे. मागची चाकं ६१० किलोनं जड होतात आणि पुढच्या चाकांवरचे २१० किलो उतरतात. ४०० किलो लावून ६१० किलोचा फायदा, कारण ते योग्य जागी लावलंय. म्हणून लोडरवाल्यानं मागे काँक्रीटचा ठोकळा लावायला सांगितला की तो विक्री वाढवायला सांगतोय असं समजू नका.

अजून दोन गोष्टी. लोडर जमिनीलगत जेवढं उचलतो तेवढं पूर्ण उंचीवर उचलत नाही, आर्मचा कोन बदलला की सिलिंडरचा जोर कमी लागू पडतो. ट्रॉलीत माल टाकायला लागते ती वरची उंची, तेव्हा आकडा वरचाच विचारायचा आणि त्यातून रिकाम्या बकेटचं वजन वजा करायचं. दुसरं म्हणजे माल कोणता ते बघायचं. अर्धा घनमीटरची बकेट वाळलेल्या शेणखतानं भरली तर दोनशे अडीचशे किलो भरतात. तीच बकेट ओल्या मुरुमानं भरली तर आठशे नऊशे. बकेट तीच, पण ट्रॅक्टरच्या दृष्टीनं दुसरीच गोष्ट.

शिवाय ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर डुलतो. त्यामुळे ट्रॅक्टर चार पायांवर नाही, तीन पायांवर उभा असतो. भरलेली बकेट उंच ठेवून बांधावरून किंवा खड्ड्यातून गाडी नेली तर तो पुढे नाही, कडेला पडतो. माल भरून चालताना बकेट गुडघ्याच्या खाली. ट्रॉली ओढतानाही फर्ग्युसनचंच गणित उलट लागतं. ती खालच्या हुकालाच जोडायची. टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून काही ओढणं म्हणजे १९१७ चा फोर्डसन परत आणणं.

फर्ग्युसनकडे परत येऊ. १९५३ मध्ये त्यानं आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी हॅरिसमध्ये विलीन केली. व्यवहारात शेवटी दहा लाख डॉलरचा फरक उरला. कुणीच मागे हटेना, तेव्हा फर्ग्युसननं नाणेफेक सुचवली. तो हरला. ज्या माणसानं फोर्डशी चार वर्षं पैशापैशावरून भांडण केलं, त्यानं दहा लाख डॉलर एका नाण्यावर हसत सोडून दिले. वर्षभरात नव्या कंपनीशीही त्याचं बिनसलं आणि तो बाहेर पडला. नाव मात्र तिथंच राहिलं. मॅसी हॅरिस फर्ग्युसन पुढे मॅसी फर्ग्युसन झाली.

त्याचा करडा ट्रॅक्टर तोवर कुठल्या कुठे पोचला होता. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो फर्ग्युसन ट्रॅक्टर चालवत. चाकांना बर्फासाठी पट्टे लावले होते, बाकी शेतातलंच यंत्र.

शेवटची वर्षं फर्ग्युसननं मोटारींसाठी फोर व्हील ड्राइव्ह तयार करण्यात घालवली. रस्त्यावर घसरून माणसं मरू नयेत हा त्यामागचा हट्ट. मोटार कंपन्यांनी दाद दिली नाही. निद्रानाश आणि निराशा जुनीच होती. २५ ऑक्टोबर १९६० ला इंग्लंडमधल्या त्याच्या घरी, वयाच्या ७५ व्या वर्षी तो गेला. झोपेच्या औषधाचं प्रमाण जास्त झालं होतं. ते चुकून झालं की जाणूनबुजून, याचा निर्णय चौकशीत लागला नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या फोर व्हील ड्राइव्हच्या रेसिंग कारनं स्टर्लिंग मॉसच्या हाती इंग्लंडमधली एक मोठी शर्यत जिंकली.

१९६० मध्येच मद्रासला टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनू लागले. पुढे महिंद्रा, स्वराज, सोनालिका असे कितीतरी आले. रंग वेगळे, इंजिनं वेगळी, मागची जोडणी सगळ्यांची फर्ग्युसनची. ती आता जागतिक मानक आहे. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या आर्मची पिन २२ मिलिमीटरची, त्याच्या वरच्या गटाची २८ मिलिमीटरची. म्हणून केजच्या वर्कशॉपमध्ये बनवलेला नांगर आष्टीतल्या कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला पाच मिनिटांत लागतो आणि लोडरला लागणारं मागचं वजनही त्याच तीन पिनांवर चढतं.